सत्काराचे फोटो शेकडो, गातानाचा एक नाही

पोस्ट लांब आहे आणि जरा कडू आहे, हे आधीच सांगून ठेवतो. लिहितोय आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळाबद्दल, पण इंदूर, देवास, बडोदा, बेळगाव, हैदराबादवाल्यांनीही वाचावं. तुमच्या मंडळाच्या कपाटात यापेक्षा काही वेगळं निघालं तर मला जरूर कळवा, मला आनंदच होईल.

गोष्ट अशी की मंडळाला एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ अडीच लाख रुपये दिलेत. त्या बाई स्वतः गात असत. देणाऱ्यांनी पत्रात एकच इच्छा लिहिली आहे, गाण्याच्या कार्यक्रमांची नीट नोंद राहावी. आता कार्यकारिणीच्या डोक्यात आलंय की या पैशातून ७०-२००ची मोठी झूम लेन्स घ्यायची, वर एक दणकट फ्लॅश घ्यायचा आणि उरलेल्यात कार्यक्रमाला बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचा. कोटेशनही आलंय. मी कोटेशन वाचलं आणि मला झोप लागली नाही. अडतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या पैशाचे अर्ज वाचले. कुठला खर्च गरजेपोटी आणि कुठला रुबाबापोटी, हे कागदाला हात लावला की कळतं.

आधी मंडळाच्या कपाटाबद्दल बोलू. मागच्या दिवाळीत मी आणि दोन तरुण मुलांनी मिळून जुने अल्बम बाहेर काढले. गणेशोत्सव, कोजागिरी, गुढीपाडव्याची पहाट, पुण्यतिथ्या, सगळं. फोटो शेकड्यांनी आहेत. शाल घालताना, श्रीफळ देताना, दीपप्रज्वलन करताना, पाहुण्यांच्या बाजूला उभं राहून. सगळ्यांचे डोळे फ्लॅशमुळे लाल, चेहरे पांढरेफटक, मागची भिंत काळीठिक्कर. आणि गातानाचे? बोटावर मोजण्याइतके. त्यातही अर्ध्यांत माइकच्या मागे कोण आहे ते ओळखू येत नाही. माझी आत्या तीस वर्षं या मंडळात गायली. तिचा शालीतला फोटो आहे, हळदीकुंकवातला आहे, बसच्या सहलीतला आहे. डोळे मिटून, डावा हात कानाजवळ नेऊन ती षड्ज लावायची तसा एकही नाही. परवा तिच्या नातीने पुण्याहून फोनवर विचारलं, "आजोबा, आजी गाताना कशी दिसायची?" मी शब्दांत सांगितलं. दुसरं काय करणार?

हे कुठल्या शहरात घडतंय बघा. जिथे कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) आणि राजाभैया पूछवाले यांनी विद्यार्थी घडवले, जिथे १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय आणि १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघालं, जिथे तानसेनच्या समाधीजवळ दर डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत लोक गजक खात रात्र रात्र बसतात, तिथे. २०२४ला तानसेन समारोहाची शंभरी झाली. मोठ्या कलावंतांचे फोटो निघतात, त्यांची चिंता कुणी करायला नको. पण या शहरात घराघरांत गाणारी माणसं होती. शाळामास्तर, रेल्वेतले बाबू, आमच्यासारखे बँकवाले, आणि कितीतरी बायका. त्यांचा फोटो काढायला कुठलं वर्तमानपत्र येणार नव्हतं. ते काम मंडळाचं होतं.

म्हणून हा लेन्सचा वाद मला महत्त्वाचा वाटतो. "काका, फोटो तो फोटो होता है" असं एका पदाधिकाऱ्याने मला ऐकवलं. नाही हो, नसतो.

आता हिशेब. लेन्सवर एफ नावाचा आकडा असतो. ज्यांना त्याची भीती वाटते त्यांनी तो कर्जाच्या व्याजदरासारखा समजावा, जितका लहान तितकं आपल्या फायद्याचं. आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड मोठं, उजेड जास्त आत. पण तो सरळ प्रमाणात चालत नाही, वर्गाच्या प्रमाणात चालतो, आणि इथेच लोक फसतात. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारी १८-५५ची लेन्स पुढे ओढली की ५.६ वर येते. साधी १.८ ची लेन्स तिच्या साडेनऊपटीहून जास्त उजेड घेते. कागद-पेन्सिल घेऊन ५.६ ला १.८ ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, येईल. आणि कार्यकारिणीची लाडकी दोन लाखांची झूम? ती २.८ ची. तिच्यापेक्षाही ही छोटी लेन्स जवळजवळ अडीचपट उजेड घेते. म्हणजे दहा-पंधरा हजारांची वस्तू अंधारात दोन लाखांच्या वस्तूच्या पुढे आहे, आणि आपण दोन लाखांची मागवतोय कारण ती लांबून दिसते!

आपल्या सभागृहात मंचावर जेवढा उजेड असतो त्यात साधारण आयएसओ १६००, एफ २ आणि सेकंदाचा १/१२५ भाग, एवढ्यात बैठकीतल्या गायकाचा फोटो नीट येतो. हे मी मोजून सांगतोय, अंदाजाने नाही. तिथेच ५.६ ची लेन्स लावा. एक तर शटर १/१५ वर उतरवा, म्हणजे तानेबरोबर गायकाची मान हलली की चेहऱ्याचं पिठलं; नाहीतर आयएसओ १२८०० वर न्या, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. दोन्हीतलं निवडायचंच असेल तर मी रवा निवडेन. दाणे दिसले तरी माणूस ओळखू येतो, हललेला चेहरा कुठल्याही कॉम्प्युटरने परत जागेवर येत नाही.

दुकानदार सांगतो, "अंकल, इसमें स्टॅबिलायझेशन है, चार स्टॉप का." बरोबर आहे, पण ते तुझा हात स्थिर करतं रे बाबा, तबलजीचा नाही. तुमचा हात थरथरत असेल तर त्याचा उपयोग, माझ्या वयात तर फारच उपयोग. पण समोर तिरकिट चाललं असेल तर १/२५० तरी हवा, द्रुत लयीत १/५०० सुद्धा कमी पडतो. तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीला १/६० पुरतो, ती बिचारी हलतच नाही. कीर्तनाला वेगळं गणित. आमच्याकडे ढोलीबुवांच्या मठाची परंपरा आहे, कीर्तनकार उभा राहतो, पुढे येतो, मागे जातो, वळतो. तिथे १/२०० च्या खाली जाऊ नये. या सगळ्याला उजेड लागतो, आणि उजेड लेन्सच्या तोंडातूनच येतो.

"मग फ्लॅश मारा ना!" हा पुढचा शहाणपणा.

फ्लॅशबद्दल मी सौम्य बोलू शकत नाही, माफ करा. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात (कुठला ते लिहीत नाही) बाहेरून बोलावलेला फोटोग्राफर आलाप चालू असताना मंचासमोर गुडघे टेकून बसला आणि गाणाऱ्या बाईंच्या तोंडावर चार फुटांवरून धडाधड फ्लॅश मारायला लागला. बाईंनी डोळे उघडले, जुळत आलेला सूर सुटला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळ्यांवर उपरणं धरलं. हा गृहस्थ लग्नातला. त्याचा दोष मी धरत नाही, त्याला लग्नात हेच करायचे पैसे मिळतात. दोष त्याला बोलावणाऱ्यांचा. वरमाला आणि विलंबित ख्याल यांत फरक असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि जे मागच्या रांगेतून फ्लॅश मारतात त्यांना तर हिशेबही येत नाही. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण १२ असतो. म्हणजे आयएसओ १०० ला एफ ४ वर तो तीन मीटर पोचतो. आयएसओ ८०० केलं तरी साडेआठ मीटरच्या पुढे त्याचा दम संपतो. तुम्ही बसलात पंधराव्या रांगेत. तुमचा फ्लॅश पुढच्या चार रांगांतली टकलं उजळतो आणि मंचावर काळोखच राहतो. आमच्या अल्बममध्ये असे फोटो ढिगाने आहेत. कुणाचं टक्कल कुठलं हे मी अजून सांगू शकतो, गात कोण होतं ते नाही.

मोबाईलवाल्यांचंही सांगून टाकतो, नाहीतर तरुण मंडळी म्हणतील काका जुन्या जमान्यातले. मोबाईल आता रात्री छान फोटो काढतो, मान्य. पण तो एकामागून एक पुष्कळ चित्रं घेऊन त्यांची गोधडी शिवतो. किल्ल्यावरच्या दिव्यांचा फोटो उत्तम येतो कारण किल्ला हलत नाही. गायकाचा हात हलतो, मग बोटं सहा दिसतात नाहीतर एकही नाही. शिवाय ऐंशी वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तो स्वतःच्या मर्जीने पुसतो आणि चेहरा साबणाच्या वडीसारखा करून देतो. त्या सुरकुत्या कमवायला किती वर्षं लागली ते त्या यंत्राला काय माहीत. आणि पडद्याचा तो निळा उजेड मागच्या सगळ्यांच्या डोळ्यांत, ते वेगळंच.

मी हे सगळं पुस्तकातून सांगत नाहीये. १९७६ साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी सेकंडहँड झेनिट घेतला. रशियन, वजनाला वरवंट्यासारखा, शटर दाबलं की दार आपटल्यासारखा आवाज. पण त्याच्यावर हेलिओसची ५८ मिलिमीटर, एफ २ ची लेन्स होती. त्यात ओर्वोची ४०० एएसएची कृष्णधवल फिल्म घालायची, तीही मिळाली तर. छत्तीस फोटो, बस. महिन्याच्या पगारात एक रोल परवडायचा, म्हणून एका कार्यक्रमात दहा-बारापेक्षा जास्त वेळा शटर दाबलं नाही. त्या दहा-बारांतले चार चांगले यायचे. आज माझ्याकडे त्या काळातल्या ज्या निगेटिव्ह आहेत त्यांत आमच्या गल्लीतले तीन गाणारे जिवंत दिसतात. तिघेही आता नाहीत. त्यांच्या मुलांनी प्रिंट मागून नेल्या आणि देवघराशेजारी लावल्या. एकाने फोन करून सांगितलं की आई तो फोटो बघून दोन दिवस बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी वडिलांच्या रियाजाबद्दल तासभर बोलली. तेव्हा एफ २ म्हणजे चैन वाटायची. आज एफ १.८ ची लेन्स मुलांच्या बुटांच्या जोडीच्या भावात मिळते आणि आपण ती घेत नाही.

का घेत नाही याचं कारण मला ठाऊक आहे. ती छोटी दिसते. वजन शे-दोनशे ग्रॅम. मोठी झूम दीड किलोची, तिला वेगळा पट्टा, वेगळी पेटी. मंडळाच्या वार्षिक अहवालात "मंडळाने अद्ययावत उपकरण खरेदी केले" असं लिहिता येतं, उद्घाटन करता येतं, नारळ फोडता येतो. दीडशे ग्रॅमच्या लेन्ससमोर नारळ फोडला तर लेन्सच फुटायची.

"पण झूम नसेल तर जवळचा फोटो कसा येणार?" हा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर देतो. मोठ्या मांडवात, जिथे फोटोग्राफरला मंचापासून वीस-पंचवीस मीटरवर दोरीच्या मागे उभं करतात, तिथे ७०-२००ला पर्याय नाही. तानसेन समारोहात किंवा पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात काम करायचं असेल तर घ्या, जरूर घ्या. पण आपलं सभागृह दीडशे खुर्च्यांचं आहे! पुढची सतरंजी मंचापासून चार मीटरवर. बेळगावकडच्या लोकांना विचारा, कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं. वाड्यातल्या बैठकीत माणूस आणि कलावंत यांच्यात अंतर असतं ते किती? आपल्या सगळ्या गावांतल्या सगळ्या बैठका अशाच. झूमने अंतर कापायची गरज पडते ती उठून पुढे जाऊन बसायचा कंटाळा असतो म्हणून.

तेव्हा माझं म्हणणं ऐका. मंडळाचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा आहे, त्याच्यावर प्रत्येक लेन्स दीडपट लांब वाटते. त्याच्यावर ५० मिलिमीटरची एफ १.८ लावून चार मीटरवर बसलात तर चौकटीत साधारण पावणेदोन-दोन मीटर रुंदी मावते. म्हणजे गायक, त्याचा उचललेला हात आणि मागच्या तानपुऱ्याचा भोपळा. ८५ची लेन्स पाच मीटरवरून सव्वा-दीड मीटर घेते, म्हणजे फक्त गायक. आणि ३५ची घेतलीत तर तबला-पेटीसकट पूर्ण बैठक. पहिली ५०ची घ्या. निम्म्याहून जास्त काम तिच्यातच होतं. ८५ नंतर.

एक इशारा. जुन्या बाजारात लेन्स घेणार असाल तर बघून घ्या. निकॉनची जुनी ५०, जिच्या नावात १.८ नंतर 'डी' आहे, ती सुरुवातीच्या स्वस्त कॅमेऱ्यांवर बसते पण आपोआप फोकस करत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत मोटरच नाही. 'जी' अक्षराची घ्या. आमच्या एका भाच्याने ही चौकशी आधी केली म्हणून त्याचे पैसे वाचले.

आणि १.८ वर सगळं काही सुंदर येतं असंही मी म्हणणार नाही. तोंड पूर्ण उघडलं की फोकसची खोली कमी होते. ८५ने पाच मीटरवरून जेमतेम वीतभर. डोळ्यावर धरायचा तो फोकस माइकच्या जाळीवर बसला की गायक गेला. म्हणून मधला एकच बिंदू वापरा, डोळ्यावर ठेवा, जमेल तर २ किंवा २.२ वर या. मागचा काळा पडदा बघून कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढरा करतो, त्याला एक-दीड पायरी खाली ओढा. पुढे लुकलुकणारा नारिंगी दिवा, बीप आणि मागचा पडदा तिन्ही बंद करा. आलापात शटर दाबूच नका, द्रुत सुरू होऊ द्या, तबला चढू द्या, मग काय ते दाबा.

बसायचं कुठे? समोर बरोबर मध्ये नको, माइक तोंडावर येतो. मंचाकडे तोंड करून थोडं डावीकडे. तबलजी बहुतेक त्याच बाजूला असतो, आणि समेवर येताना गायक त्याच्याकडे बघतो. तो जो हसतो ना समेवर, तो फोटो. त्यासाठी सम कुठे येणार हे कळलं पाहिजे, आणि त्यासाठी गाणं ऐकलं पाहिजे. बाहेरचा माणूस ऐकत नाही, तो घड्याळ बघतो. म्हणून मंडळातली, कानाला सवय असलेली मुलं हवीत. आमच्याकडे तबला शिकणारी एक मुलगी आहे, तिने मागच्या कोजागिरीला कुणाकडून तरी मागून आणलेल्या ५०च्या लेन्सने काढलेले फोटो बघा. प्रत्येक सम पकडली आहे पोरीने. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दिव्यांचं राहिलं. ते मागचे रंग बदलणारे एलईडी कृपा करून बंद करा. लाल झोतात गायकाचं तोंड टोमॅटो होतं, आणि ते दुरुस्त होत नाही. शिवाय आपल्या विजेवर हलके एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, शटर १/२५० ला नेलं की फोटोवर आडवे पट्टे उठतात, आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर तर जास्तच. १/१०० वर ते बहुतेक जातात, पण मग तबलजीचा हात हलतो. दोन साधे पिवळसर दिवे, पुढून, दोन्ही कोपऱ्यांतून, डोक्याच्या वर. कलावंतालाही बरे वाटतात, डोळ्यांत जात नाहीत. त्याचा खर्च इलेक्ट्रिशियनचा चहा.

माझं कोटेशन असं आहे. ३५, ५० आणि ८५, तिन्ही एफ १.८, नव्या घेतल्या तर ऐंशी हजारांच्या आत, जुन्या बाजारात पन्नासच्या आसपास. फ्लॅश शून्य. बाहेरचा फोटोग्राफर शून्य. उरले पावणेदोन लाख. त्यात कपाटातल्या निगेटिव्ह स्कॅन करून घ्यायच्या, ज्या बुरशी धरायला लागल्या आहेत, आणि पाच पावसाळे गेले तर स्कॅन करायला काही उरणार नाही. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव, राग, तारीख लिहायची. ओळखणारे आम्ही सात-आठ जण उरलोय, त्यातल्या दोघांचे मोतीबिंदू पिकलेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी स्वतः बसायला तयार आहे, चहा माझ्याकडून.

ज्यांनी पैसे दिले त्या कुटुंबाला मी भेटून आलो. त्यांच्याकडेही आईचा गातानाचा फोटो नाही. कपाटात सापडला तर आम्हाला पहिली प्रत द्या, एवढंच म्हणाले.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी पाच वाजता आहे. झूमच्या कोटेशनला विरोध आणि वरील खर्चाला मंजुरी, असा ठराव मी लेखी दिला आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. लष्करातले, जनकगंजातले, शिंदे की छावणीतले जे कुणी आजीव सभासद हे वाचत असतील त्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत मला फोन करावा, आणि येताना घरच्या ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील तर कागदात गुंडाळून घेऊन याव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होतात.